कॉफी एकदा प्यायले, आता तीन आठवड्यांचं औषध फुकट गेलं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना शेवटची ओळ माझ्याही नजरेतून निसटली होती. आधी मला काय समजलंय ते सांगतो, चुकत असेन तर सांगा. दोन महिने झाले अंगावर पित्त उठतंय, संध्याकाळ झाली की हातापायांवर गांधी येतात, खाजतात, रात्रीतून जातात. तीन आठवड्यांपूर्वी होमिओपॅथी सुरू केलीत, दोन बाटल्या आणि एक छापील कागद मिळाला, कागदावर कांदा, लसूण, कॉफी, पुदिन्याची टूथपेस्ट, अत्तर, कापूर सगळं बंद, वर गोळीला हात लावायचा नाही. मैत्रिणीकडे चुकून कॉफी झाली, म्हणून आता सगळं औषध वाया गेलं का ही धास्ती. थायरॉईडची गोळी रोज सकाळी चालू आहे, तिच्यात आणि या गोळ्यांमध्ये किती अंतर ठेवायचं हे विचारलंय. पूर्वी फॅमिली डॉक्टरांनी दिलेली ॲलर्जीची गोळी सेट्रिझिन तुम्ही बंद केलीय कारण कुणीतरी म्हणालं की त्याने आजार आत दाबला जातो. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की गेल्या आठवड्यात एकदा सकाळी उठलात तर वरचा ओठ सुजला होता, संध्याकाळपर्यंत उतरला, हे औषध लागू पडत असल्याचं लक्षण ना?

मी बावीस वर्षं होमिओपॅथीची प्रॅक्टिस करतोय, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओठाची वाटली, कॉफीची अजिबात नाही. म्हणून उत्तर उलटीकडून देतो.

पित्त उठणं हे कातडीच्या वरच्या थरातलं प्रकरण असतं. तीच सूज थोडी खोल गेली की ओठ, पापणी, जीभ सुजते. बहुतेक वेळा ती आपोआप उतरते, तुमची उतरली तशी. पण तीच सूज जिभेला किंवा घशात आली तर श्वास अडकू शकतो, आणि तेव्हा वेळ मिनिटांत मोजायची असते. त्यामुळे इथे मी काहीही गुळमुळीत सांगणार नाही. आवाज घोगरा झाला, गिळताना अडकल्यासारखं वाटलं, धाप लागली, छातीत शिट्टी वाजायला लागली, चक्कर येऊन डोळ्यापुढे अंधारी आली, यातलं एक जरी गांधींच्या जोडीला आलं तर कुठलीही बाटली न शोधता सरळ इमर्जन्सीत जायचं. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, त्याला माझ्या पेटीत पर्याय नाही. मी स्वतः, माझ्या घरच्यांसाठी, हेच करेन.

आणि ओठ सुजल्याचं तुमच्या होमिओपॅथला आजच कळवा. फॅमिली डॉक्टरांनाही कळवा, कारण ओठ सुजण्यामागे कधीकधी भलतंच कारण निघतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी, ज्यांची नावं 'प्रिल'ने संपतात त्यांनी, नेमकी अशीच ओठ-जिभेची सूज येते, आणि ती गोळी सुरू केल्यावर कित्येक महिन्यांनीसुद्धा येऊ शकते. तुम्ही बीपीचं काही लिहिलेलं नाही, पण घेत असाल तर ते आजच सांगा, स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

आता "त्रास वाढला म्हणजे औषध लागू पडतंय" याबद्दल. आमच्या शास्त्रात ही कल्पना जुनी आहे, तिला ॲग्रॅव्हेशन म्हणतात, औषधाने आधी लक्षणं थोडी भडकतात आणि मग उतरतात असं. मी शिकलो तेव्हा हे इतक्या सहज सांगितलं जायचं की पेशंटचं काहीही वाढलं तरी आम्ही खुश. प्रॅक्टिसच्या दहाव्या-बाराव्या वर्षी मी हे सोडून दिलं. आता माझा नियम साधा आहे, वाढलं म्हणजे वाढलं. दोन दिवसांत उतरलं नाही, किंवा काही नवीनच सुरू झालं, तर मला फोन यायला हवा, आणि मी त्याला आनंदाची बातमी समजत नाही. कारण हे वाक्य इतकं सोयीचं आहे की बरं झालं तर औषधाचं यश आणि बिघडलं तरी औषधाचंच यश, मग चुकतंय हे कळायचं कधी?

सेट्रिझिनचं बोलू. "दाबलं जातं" हे वाक्य मीही तरुणपणी म्हटलंय, लाज वाटते, पण म्हटलंय. पित्त उठतं तेव्हा कातडीतल्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि सेट्रिझिनसारखं अँटिहिस्टामिन ते हिस्टामिन जिथे जाऊन बसतं ती जागा अडवतं, बस एवढंच. त्यात आजार आत ढकलला जाऊन पुढे दमा होतो वगैरे काही नाही. जगभर या त्रासावर पहिलं औषध हेच देतात. गुंगी येते हे खरं, काहींना जास्त येते, तसं असेल तर डॉक्टर कमी गुंगीचं दुसरं देतात, पण गाडी चालवणार असाल तर आधी एक-दोन दिवस अंदाज घ्या. ते परत सुरू करायचं का, किती दिवस, हे ज्यांनी दिलं त्यांना विचारा. माझ्याकडे आलात तर मी ते चालू ठेवूनच माझं काम करेन. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

इथे एक माझी स्वतःची गोष्ट सांगायलाच हवी. मी सुरुवातीला जिथे उमेदवारी केली तिथून पथ्याचा कागद घेऊन आलो होतो, सतरा ओळींचा, झेरॉक्स काढकाढून अक्षरं पुसट झालेला. शेवटची ओळ होती, "उपचार चालू असताना इतर औषधे टाळावीत." त्या ओळीचा माझ्या डोक्यातला अर्थ होता की दुकानातून मनाने पेनकिलर वगैरे आणून खाऊ नका. एक आजी गुडघ्यांसाठी यायच्या, सत्तरीच्या, फार शिस्तीच्या. कागद त्यांनी देव्हाऱ्याजवळ चिकटवला होता म्हणे. पाचव्या आठवड्यात आल्या त्या डोकं धरून, बीपी घेतलं तर १९० वर ११०. म्हटलं गोळी घेतली नाही का, तर म्हणाल्या, "तुम्हीच लिहिलंय ना टाळा म्हणून, महिना झाला बंद करून, कांदापण सोडलाय." त्याच दिवशी त्यांना हॉस्पिटलमध्ये पाठवलं, पुढे सगळं ठीक झालं, पण तो कागद मी त्या संध्याकाळी फाडला. चूक आजींची नव्हती. सतरा ओळींत जीवनमरणाची ओळ आणि टूथपेस्टची ओळ एकाच मापाच्या अक्षरात छापली की माणूस दोन्ही सारख्याच पाळणार, त्यात त्यांचं काय चुकलं.

म्हणून माझ्याकडे आता पथ्याच्या यादीत पहिली गोष्ट हीच असते की चालू औषध बंद करायचं नाही. थायरॉईड, बीपी, शुगर, फिट्स, रक्त पातळ करण्याची गोळी, दम्याचा पंप, मनाच्या आजाराची औषधं, यातलं काहीही होमिओपॅथी सुरू केली म्हणून सुटत नाही. स्टिरॉइड जास्त दिवस चालू असेल आणि एकदम तोडलं तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं तोवर मंदावलेलं असतं, माणूस कोसळू शकतो. कमी करायचं तर ज्याने दिलं त्याने, पायरीपायरीने. मुलांच्या लसीही थांबवायच्या नाहीत, होमिओपॅथीत लसीला पर्याय असतो असं कुणी म्हणालं तर त्या कुणाकडे परत जाऊ नका.

आता थायरॉईडच्या गोळीचं अंतर, कारण इथे एक गंमत आहे. तुम्ही कॉफीची भीती साखरेच्या गोळ्यांसाठी घेतलीत, पण कॉफीचा खरा, मोजता येणारा परिणाम होतो तो थायरॉक्सिनवर, म्हणजे तुमच्या थायरॉईडच्या गोळीवर. ती गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास काही नको, कॉफी तर नकोच, कारण कॉफीने ती आतड्यातून नीट शोषली जात नाही. लोह किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर तिच्यात आणि थायरॉक्सिनमध्ये चार तास हवेत. म्हणजे क्रम असा ठेवा, उठल्यावर थायरॉईडची गोळी, तासाभराने चहा-कॉफी नाश्ता काय ते, आणि होमिओपॅथीच्या गोळ्या त्यानंतर मधल्या वेळेत कधीही. त्या दोन-चार साखरेच्या गोळ्यांनी थायरॉक्सिनचं काही बिघडत नाही, पण दोन्ही एकदम तोंडात टाकायची सवय लागली की एक दिवस नेमकी कुठली घेतली हेच आठवत नाही, म्हणून वेगळं ठेवा. जाता जाता, जुनाट पित्ताच्या पेशंटमध्ये थायरॉईडच्या अँटिबॉडीज बऱ्याचदा सापडतात, त्यामुळे शेवटची टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, कधी केली होती ते बघा, वर्ष उलटलं असेल तर करून घ्या.

कांदा-लसूण-कॉफीची यादी आली कुठून? होमिओपॅथी सुरू करणारे हानेमान हे जर्मन डॉक्टर, त्यांचा मूळ ग्रंथ १८१० चा. कॉफीवर त्यांचा विशेष राग होता, १८०३ मध्ये त्यांनी कॉफीच्या दुष्परिणामांवर वेगळा निबंधच लिहिला. त्यांचं म्हणणं असं की औषधाची मात्रा इतकी सूक्ष्म असते की खाण्यापिण्यातली कुठलीही औषधी गुणाची वस्तू तिला झाकून टाकेल. त्यांच्या तर्काच्या आत हे बरोबर बसतं. गंमत अशी की ते स्वतः पाईप ओढायचे. आणि अजून गंमत म्हणजे लाल कांद्यापासून आमचं एक औषध बनतं, ॲलियम सेपा, डोळ्यानाकातून पाणी वाहणाऱ्या सर्दीला देतात, आणि कच्च्या कॉफीच्या बियांपासून कॉफिया क्रूडा, झोप न येण्यावर. ती देताना मात्र आम्ही म्हणत नाही की घरात कोणी कांदा चिरत असेल तर औषध मरेल.

माझ्या अनुभवात ज्यांनी कडक पथ्य पाळलं आणि ज्यांनी नाही पाळलं त्यांच्यात मला फरक दिसला नाही. पूर्वी मी सगळ्यांना बंद करायला लावायचो, मग काही लोक लपवून खायला लागले, मग बरं वाटलं नाही की स्वतःलाच दोष द्यायला लागले, "डॉक्टर, लग्नात एकदा लसणाची चटणी खाल्ली, त्यामुळेच असेल". तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे पथ्य पेशंटच्या नाही तर माझ्या सोयीचं आहे, गुण आला नाही तर बोट दाखवायला जागा मिळते. त्यामुळे आता माझं सांगणं एवढंच की गोळी तोंडात घ्यायच्या आधी आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं काही खाऊ-पिऊ नका, तोंड स्वच्छ असू दे, टूथपेस्ट कुठलीही वापरा. तुमच्या डॉक्टरांनी कडक सांगितलं असेल आणि ते पाळणं तुम्हाला जड जात नसेल तर पाळा, नुकसान काहीच नाही. पण कॉफी झाली म्हणून तीन आठवडे वाया गेले असं काही नसतं.

हात लावायचा नाही याचं कारण बरंच साधं आहे. औषध पातळ असतं, ते साखरेच्या कोऱ्या गोळ्यांवर टाकून मुरवतात. ओल्या हाताने गोळी विरघळते, चिकटते, हातावरचं सगळं बाटलीत जातं. झाकणात चार गोळ्या पाडायच्या आणि तोंडात टाकायच्या, झालं. एखादी गोळी हातावर पडली तर खा, खाली पडली तर टाका. बाटली उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर, गॅसजवळ ठेवू नका, झाकण घट्ट लावा, नाहीतर दमट हवेत सगळ्या गोळ्यांचा एक गठ्ठा होतो. आणि मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, गोड असतात, पोरं मूठभर खातात.

शुगर असलेले लोक विचारतात म्हणून सांगतो, चार गोळ्यांत ग्रॅमचा एक छोटासा अंश साखर असते, तिने शुगर वाढत नाही. चपट्या टॅबलेट किंवा पावडर असेल तर ती सहसा दुधाच्या साखरेची असते, दुधाची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

आता एक भाग जो त्या छापील कागदांवर कधीच नसतो आणि असायला हवा. होमिओपॅथीच्या सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. ३०सी म्हणजे शंभरात एक असं विरळ करणं तीस वेळा, एकावर साठ शून्य इतकं पातळ. साधारण १२सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही बाटलीत सापडण्याची शक्यता उरत नाही, हे साधं केमिस्ट्रीचं गणित आहे. त्यामुळे ३०, २०० यांचा दुसऱ्या औषधाशी झगडा होण्याचा प्रश्नच येत नाही. पण मदर टिंक्चर, ज्यावर क्यू लिहिलेलं असतं, ते वनस्पतीचा अल्कोहोलमधला खराखुरा अर्क असतो. ३एक्स, ६एक्स (एक्स म्हणजे दहात एक असं विरळ करणं) सारख्या कमी पोटेन्सीतही, म्हणजे कमी वेळा विरळ केलेल्या औषधातही, मूळ पदार्थ मोजण्याइतका असू शकतो, आणि तो पदार्थ आर्सेनिक, पारा किंवा बेलाडोना ही विषारी वनस्पती असेल तर ते हसण्यावारी न्यायचं काम नाही. हायपेरिकम या वनस्पतीचं टिंक्चर रोज पोटात घेतलं तर गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन यांचा असर कमी होऊ शकतो, डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर तर ते वेगळंच धोक्याचं. मेट्रोनिडॅझॉल हे अँटिबायोटिक चालू असेल किंवा दारू सोडायचं औषध घेत असाल तर अल्कोहोलचे थेंब नकोत. गरोदरपणात, लहान मुलांना, लिव्हरच्या पेशंटना टिंक्चर देताना दहादा विचार करावा लागतो.

म्हणून माझ्या मते कांद्यापेक्षा कितीतरी मोठं पथ्य म्हणजे बाटलीत काय आहे ते माहीत असणं. तुमच्या दोन बाटल्यांवर '१' आणि '२' एवढंच लिहिलंय असं तुम्ही म्हणता. फोन करा आणि औषधाचं नाव आणि पोटेन्सी लिहून मागा. आमच्यातले काही जण नाव सांगत नाहीत, पेशंट स्वतः घेईल किंवा दुसरीकडे जाईल म्हणून, मला हे पटत नाही. रात्री दोन वाजता तुम्ही इमर्जन्सीत पोचलात आणि तिथल्या डॉक्टरने विचारलं काय घेता, तर "एक नंबरची बाटली" या उत्तराचा त्याला काय उपयोग?

मग एवढं सगळं सांगून तुम्ही म्हणाल की औषधात रेणूच नाही तर घ्यायचं कशाला. प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून निष्कर्ष काढला की होमिओपॅथी गुणकारी आहे असा भरवशाचा पुरावा कुठल्याच आजारासाठी नाही. २०१७ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने आपल्या डॉक्टरांना ती लिहून देणं थांबवायला सांगितलं. हे वाचून मला बरं वाटत नाही, पण ते लपवून तुम्हाला सल्ला देणं बरोबर नाही. माझ्याकडे लोकांना बरं वाटतं ते मी बघतो, आणि त्यातला मोठा वाटा मी तासभर बसून ऐकतो याचा आहे आणि दुसरा मोठा वाटा बरेच आजार आपापल्या वेळेने ओसरतात याचा, असं आता मला वाटतं. पित्त तर त्यातलंच, सहा आठवड्यांच्या वर गेलं की त्याला जुनाट म्हणतात, पण पुष्कळांचं काही महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत आपोआप थांबतं. आमचे काही मित्र हे वाचून चिडतील, चिडू देत.

तुमच्या पित्तासाठी खरंच फरक पाडणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी काही जणांचं पित्त भडकतं, डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल बघा. कमरेला, ब्राच्या पट्ट्याला, मोज्याच्या इलास्टिकला जिथे दाब येतो तिथेच गांधी येतात का ते पहा, येत असतील तर सैल कपडे. फार गरम पाण्याने आंघोळ, दारू, जागरण, ताण, याने वाढतं का ते बघा. मनानेच दहा पदार्थ एकदम बंद करू नका, जुनाट पित्तात खाण्याची ॲलर्जी हे कारण क्वचितच असतं, लोक उगाच वाळत बसतात. एक वही घ्या, तारीख, वेळ, कुठे उठलं, किती तास राहिलं, त्याआधी काय खाल्लं-प्यालं, कुठली गोळी घेतली, आणि फोनवर फोटो काढा, कारण डॉक्टरसमोर बसलात की नेमकं अंगावर काही नसतं. एकेक गांध चोवीस तासांच्या वर टिकत असेल, खाजेपेक्षा दुखत असेल, किंवा गेल्यावर निळसर डाग राहत असेल तर ते त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, तो प्रकार वेगळा असू शकतो आणि त्याची तपासणी वेगळी असते.

किती दिवस वाट बघायची असंही विचारलंय. होमिओपॅथीला वेळ लागतो, सहा महिने द्या, असं कुणी सरसकट सांगत असेल तर मी म्हणेन की सुरुवातीलाच तारीख ठरवा. पित्तासाठी मी स्वतः सहा आठवडे म्हणतो. वहीत गांधींचे दिवस निम्म्यावर आले नाहीत तर पेशंटला मीच त्वचारोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी देऊन पाठवतो. आणि ओठ सुजलेला असेल तर सहा आठवडेही नाही, याच आठवड्यात.

तर आज करायचं म्हणजे तीन फोन, ओठाबद्दल होमिओपॅथना, ओठ आणि सेट्रिझिनबद्दल फॅमिली डॉक्टरांना, आणि रात्री-अपरात्री गाडी काढू शकेल अशा घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला, त्याला घशाच्या सूजेची लक्षणं सांगून ठेवा. कॉफी उद्या सकाळी प्या, फक्त थायरॉईडच्या गोळीनंतर तासाभराने. वहीत आठवडाभर लिहून झालं की इथेच टाका, मी बघतो.